एकछत्री

१९९२ साली मानखुर्दला दोन नव्या गोष्टी आल्या. पहिली सगळ्या मुंबईने पाहिली. लोकल खाडीपूल ओलांडून वाशीला पोहोचली आणि तोवर हार्बरच्या त्या फाट्यावरचे शेवटचे स्टेशन असलेले आमचे मानखुर्द वाटेतले स्टेशन झाले. दुसरी गोष्ट आम्हीच तेवढी माना वर करून पाहिली. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर जाळीची एक भलीमोठी छत्री उभी राहिली, तोंड आकाशाकडे करून उलटी ठेवल्यासारखी. 'डिश' हा शब्द लोकांच्या तोंडी नंतर बसला. गल्लीत तिचे नाव छत्रीच होते.

त्या छत्रीतून एक काळी तार निघाली. ती खांबावरून, गॅलरीच्या गजावरून, पत्र्याच्या छपरांवरून वस्तीत शिरली आणि जाईल तिथे फाटे फोडत गेली. एकेका फाट्यावर एकेक घर लटकले. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात छोटी वही घेऊन केबलवाला दारात उभा राहू लागला.

तेव्हापासून आजपर्यंत तीस-पस्तीस वर्षे झाली. दोन वाहिन्यांच्या शेकडो वाहिन्या झाल्या. पण वाहिन्या वाढत असताना त्यांचे मालक घटत गेले. मराठीत एकाच राजाच्या हाती सगळे असले की एकछत्री अंमल म्हणतात. गच्चीगच्चीवरच्या त्या छत्र्यांपासून आजच्या एकछत्रीपर्यंत आपण कसे आलो, याची ही हकिकत आहे. ती मानखुर्दहून सांगतो आहे, कारण पडद्याचा मालक बदलला की काय हरवते ते पडद्यावर क्वचित दिसणाऱ्या वस्तीला सगळ्यात आधी कळते.

पहिला मालक

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीहून सुरू झाले. मालक एकच होता, सरकार. त्या एका मालकाच्या पडद्यावर मराठीला मानाची जागा होती, हे आधी मोकळेपणाने म्हटले पाहिजे. 'गजरा', 'ज्ञानदीप', 'आमची माती आमची माणसं', 'कामगार विश्व' ही नावे नुसती उच्चारली तरी एका पिढीचे डोळे चमकतात. शेतकऱ्यासाठी आणि गिरणीतल्या माणसासाठी ठरलेली वेळ राखून ठेवावी, असे त्या पडद्याला वाटत होते. तो माणूस साबण विकत घेणारा आहे की नाही, हे आधी तपासले जात नव्हते.

पण एक मालक म्हणजे काय, हे आमच्या भागाला १९७६ साली समजले. त्या वर्षी १ एप्रिलला दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले. नाव वेगळे झाले, खाते तेच राहिले. पुढच्याच महिन्यात तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्राला लागून असलेली जनता कॉलनी बुलडोझर लावून उठवली गेली. हजारो माणसे चिता कॅम्पच्या दलदलीच्या जागेवर नेऊन सोडली. जॉकिन अर्पुथम हा त्या कॉलनीतला तरुण कार्यकर्ता वस्ती वाचवण्यासाठी थेट दिल्लीपर्यंत गेला होता. पुढे त्यांनी झोपडपट्टीवासीयांची देशव्यापी संघटना बांधली, त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पद्मश्री मिळाली. पण १९७६ च्या मे महिन्यात देशात आणीबाणी होती. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला होता आणि टीव्ही सरकारचाच होता. बुलडोझर ज्याचा, पडदाही त्याचाच. घर मोडले गेलेल्या माणसाची बाजू त्या पडद्यावर मांडली जाईल, अशी आशा कोणी धरायची?

म्हणून खाजगी वाहिन्या आल्या तेव्हा आमच्यासारख्यांना आनंद झाला तो निव्वळ करमणुकीचा नव्हता. सरकारचा एकमेव आवाज आता एकमेव राहणार नाही, हा दिलासा त्यात होता.

छत्र्यांचे दिवस

जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध पेटले आणि सीएनएनने ते जगभर दाखवले. आकाशातून थेट चित्र उतरवता येते हे तेव्हा लोकांना दिसले. त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार टीव्ही सुरू झाला. त्यामागे ली का-शिंग या उद्योगपतीचा हचिसन समूह होता. २ ऑक्टोबर १९९२ रोजी सुभाषचंद्र यांचा झी टीव्ही आला, आणि तोही स्टारच्याच उपग्रहाच्या वाटेने. १९९३ मध्ये रूपर्ट मर्डोक यांच्या न्यूज कॉर्पोरेशनने स्टारचा सुमारे ६४ टक्के वाटा ५२.५ कोटी डॉलरना घेतला. मालकी बदलण्याचा खेळ इतक्या लवकर सुरू झाला होता. पण गल्लीत त्याची खबर नव्हती. गल्लीच्या लेखी टीव्हीचा मालक एकच, केबलवाला.

त्याची कंट्रोल रूम मी लहानपणी पाहिली आहे. जिन्याखालची खोली होती, चपला बाहेर काढून आत जायचे. पंखा माणसांसाठी नव्हता, यंत्रांसाठी होता. प्रत्येक वाहिनीमागे एक रिसीव्हर आणि एक मॉड्युलेटर, म्हणजे जितक्या वाहिन्या तितक्या पेट्यांच्या जोड्या. पेट्यांवर पांढरी चिकटपट्टी लावून पेनाने आकडे लिहिलेले. कोपऱ्यात दोन व्हीसीआर. एकावर दुपारचा हिंदी सिनेमा, दुसऱ्यावर रात्रीचा. वाटेत ठिकठिकाणी पत्र्याच्या डब्यांत अँप्लिफायर बसवलेले असत. ज्या इमारतीतून डब्याला वीज दिली आहे तिथली वीज गेली की पुढची अख्खी गल्ली अंधारात. पावसात जोडात पाणी शिरले की पडद्यावर मुंग्या यायच्या. मग कोणीतरी खालून ओरडायचे, आणि तो पकड कमरेला खोचून शिडीवर चढायचा.

या माणसाकडे एक वाहिनी स्वतःची होती. तिचा कुठे परवाना नव्हता आणि तिला नावही नव्हते. तिच्यावर चौदा एप्रिलची मिरवणूक दिसायची, गणपती दिसायचे, मोहरमचे ताबूत दिसायचे. दहावीत पहिली आलेली मुलगी लाजत आईशेजारी उभी दिसायची. खालून सरकत जाणाऱ्या पट्टीवर शिंपी, गिरणी, क्लास यांच्या जाहिराती. आणि अधूनमधून निळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत 'हरवला आहे' अशी सूचना: मुलाचे वय, शर्टाचा रंग, कोणत्या नाक्यावर आणून सोडायचे. आमच्या शेजारचा पाच वर्षांचा मुलगा त्या सूचनेमुळे तासाभरात परत आला होता. ती दुपार मला आजही लख्ख आठवते, कारण टीव्हीचा उपयोग असाही असतो हे मला त्या दिवशी कळले.

ते दिवस सुवर्णयुग होते असे मात्र मी म्हणणार नाही. सिनेमे चोरीचे होते. एका गल्लीत एकच केबलवाला, आणि दुसऱ्याने तार टाकायचा प्रयत्न केला तर ती रात्रीत कापली जाई. किती घरांना जोडणी आहे याचा खरा आकडा तो कोणालाच सांगत नसे, ना सरकारला, ना वाहिन्यांना. गल्लीपुरती तीही मक्तेदारीच होती. फरक एवढाच की तिचा मालक आमच्या नळावर पाणी भरायचा. आमची तक्रार त्याच्या कानापर्यंत जात होती.

हवा कोणाची?

इकडे गच्चीवर छत्र्या वाढत होत्या आणि तिकडे दिल्लीत एक मोठा प्रश्न कोर्टात उभा होता. १९९३ च्या हीरो कप क्रिकेट स्पर्धेचे प्रक्षेपण बंगाल क्रिकेट संघटनेने एका परदेशी कंपनीला दिले आणि सरकारने हरकत घेतली. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल लागला. खंडपीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत, एस. मोहन आणि बी. पी. जीवन रेड्डी होते. मुख्य निकालपत्र सावंतांचे.

आपल्या महाराष्ट्राच्या या न्यायमूर्तींनी तेव्हा जे मांडले ते आज प्रत्येक प्रेक्षकाने समजून घ्यायला हवे. प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती सरकारची नाही आणि कंपनीचीही नाही. तिचा वापर लोकांच्या हितासाठी व्हावा, तिच्यावर सरकारची मक्तेदारी नको. इथवरचा भाग सगळ्यांनी उचलून धरला. खाजगी वाहिन्यांनी तर तो आपलाच जाहीरनामा मानला. पण निकाल तिथे थांबला नव्हता. सरकारच्या जागी मूठभर धनवंतांची मक्तेदारी आली तर तीही विचारांच्या विविधतेला तितकीच घातक आहे, असा इशारा त्यात होता. म्हणून सरकारपासून आणि धंद्यापासून स्वतंत्र असे सार्वजनिक प्राधिकरण नेमावे, असे न्यायालयाने सांगितले.

निकालाचा पहिला अर्धा भाग देशाने लगेच अमलात आणला. दुसरा अर्धा अजून फायलीत आहे. पुढची सगळी हकिकत त्या राहून गेलेल्या अर्ध्या भागाची आहे.

तारेचा धनी

१९९५ सालीच केबल टीव्हीचा कायदा झाला आणि केबलवाल्याला मुख्य डाकघरात नोंदणी करावी लागू लागली. तो कायदेशीर झाला, पण नेमक्या त्याच काळात त्याच्या हातून धंदा निसटू लागला. वाहिन्या सशुल्क होऊ लागल्या. प्रत्येकीचा वेगळा डिकोडर, प्रत्येकीला वेगळे पैसे. जिन्याखालच्या खोलीत इतक्या पेट्या बसेनात आणि इतके भांडवल त्याच्यापाशी नव्हते. तेव्हा मोठ्या कंपन्या पुढे आल्या. झीची सिटी केबल १९९४ मध्ये निघाली, हिंदुजांची इनकेबलनेट १९९५ मध्ये, राजन रहेजा समूहाची हॅथवे होती. त्यांनी मोठ्या कंट्रोल रूम उभारल्या आणि गल्लीतल्या माणसाला सांगितले, तू छत्री उतरव, आमची तार घे आणि वसुली कर.

गच्चीवरच्या छत्र्या एकेक करून उतरल्या. केबलवाल्याचा वसुलीवाला झाला.

इथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. सिटी केबलमध्ये झी आणि मर्डोक यांची कंपनी अर्ध्या-अर्ध्या वाट्याने होते. १९९९ मध्ये झीने मर्डोक यांचा वाटा विकत घेतला. २००० मध्ये स्टारने हॅथवेत २६ टक्के वाटा घेतला. म्हणजे वाहिनी ज्याची, तारही त्याचीच होऊ लागली. भाजी पिकवणाऱ्यानेच मंडईतले गाळे विकत घ्यावेत आणि दुसऱ्याच्या टोपलीला कुठे जागा द्यायची तेही त्यानेच ठरवावे, असा हा प्रकार.

जागा का महत्त्वाची, तेही सांगतो. त्या काळच्या तारेतून ऐंशी-शंभर वाहिन्याच नीट जात. आमच्या वस्तीत तर जुने, दुसऱ्याकडून घेतलेले टीव्ही होते, बारा बटणांचे, काही आठ. वाहिनी पहिल्या डझनात नसली तर त्या घरापुरती ती जन्मलीच नाही. पहिल्या रांगेतल्या या जागेसाठी केबल कंपन्या वाहिन्यांकडून पैसे घेऊ लागल्या. धंद्यात त्याला कॅरेज फी म्हणत. प्रेक्षक पैसे देतो पाहण्यासाठी, आणि वाहिनी पैसे देते दिसण्यासाठी. ज्याच्यामागे मोठे घर आहे तो देऊ शकला. ज्याच्याकडे फक्त सांगण्यासारखे काही होते तो मागच्या रांगेत, मुंग्यांच्या पडद्यावर गेला.

असे फक्त मुंबईत झाले असे नाही. तामिळनाडूत १९९३ मध्ये सुरू झालेल्या सन टीव्हीच्या घराण्याकडेच सुमंगली ही केबल कंपनी होती. तिच्याशी टक्कर देण्यासाठी राज्य सरकारला २००७ मध्ये अरसू केबल ही स्वतःची कंपनी काढावी लागली. खाजगी मक्तेदारीला उत्तर म्हणून पुन्हा सरकारी तार! इटलीत सिल्व्हिओ बर्लुस्कोनी यांच्या हातात देशातल्या तीन मोठ्या खाजगी वाहिन्या होत्या आणि १९९४ मध्ये ते पंतप्रधान झाले. पडदा आणि सत्ता एका हाती आल्यावर काय होते, याची चर्चा तिथे पुढची वीस वर्षे चालू राहिली.

मराठीचा बहर

तरीही २००० च्या आसपास मराठीला बहर आला, हे कबूल केलेच पाहिजे. १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी सुरू झाली, तीच पुढे झी मराठी झाली. जुलै २००० मध्ये रामोजी राव यांची ई टीव्ही मराठी आली. तारा मराठी आली आणि थोड्याच दिवसांत विझली. २००७ मध्ये झी २४ तास आणि स्टार माझा, २००८ मध्ये आयबीएन लोकमत, साम आणि स्टार प्रवाह. घरात आजी मराठी मालिका पाहते आहे आणि वडील मराठी बातम्यांसाठी रिमोट मागताहेत, हे भांडण आमच्या पिढीने पहिल्यांदा अनुभवले. मराठी लेखकाला, नटाला, वार्ताहराला कामाची चार-पाच वेगवेगळी दारे होती. एका दारात नकार मिळाला तर दुसरे ठोठावता येत होते. विविधतेचा रोजच्या जगण्यातला अर्थ हाच.

मात्र त्या बहरातही मालकीची मुळे आधीच्या मोठ्या झाडांची होती. साम हे सकाळचे अपत्य, आयबीएन लोकमत हे लोकमत आणि नेटवर्क १८ यांचे. सकाळी दारात पडणारे वर्तमानपत्र आणि रात्रीची बातमी एकाच घरातून येऊ लागली. अमेरिकेत एका गावातले वर्तमानपत्र आणि टीव्ही केंद्र एकाच मालकाकडे नसावे असा नियम १९७५ पासून २०१७ पर्यंत होता. आपल्याकडे असा नियम कधी झालाच नाही.

मग एकेका दारावरची पाटी बदलत गेली. २०१२ मध्ये रिलायन्सने उभ्या केलेल्या विश्वस्त निधीतून नेटवर्क १८ ला पैसा मिळाला आणि त्यातूनच ई टीव्हीच्या प्रादेशिक वाहिन्यांतला वाटा घेतला गेला. मे २०१४ मध्ये रिलायन्सने नेटवर्क १८ चा ताबा घेण्याचे जाहीर केले. काही आठवड्यांतच संपादक राजदीप सरदेसाई तिथून बाहेर पडले, त्याच वर्षी संपादक निखिल वागळेही आयबीएन लोकमत सोडून गेले. मार्च २०१५ मध्ये ई टीव्ही मराठी कलर्स मराठी झाली. आयबीएन लोकमतची पुढे न्यूज १८ लोकमत झाली.

स्टार प्रवाहचीच कुंडली मांडून पाहा. २००८ मध्ये ती मर्डोक यांच्या न्यूज कॉर्पोरेशनची, २०१३ मध्ये त्या कंपनीची वाटणी झाल्यावर ट्वेन्टी फर्स्ट सेंच्युरी फॉक्सची, मार्च २०१९ मध्ये डिस्नेची, आणि १४ नोव्हेंबर २०२४ पासून रिलायन्स आणि डिस्ने यांच्या एकत्र कंपनीची. सोळा वर्षांत चार मालक. संध्याकाळी स्वयंपाक करता करता तीच मालिका पाहणाऱ्या बाईला यातले काहीही सांगण्याची कोणाला गरज वाटली नाही.

पेटी आली

३१ ऑक्टोबर २०१२ नंतर मुंबईत सेट टॉप बॉक्सशिवाय केबल दिसेनाशी झाली. चित्र स्वच्छ झाले, मुंग्या गेल्या. किती घरे जोडलेली आहेत ते लपवणे संपले, आणि ते योग्यच झाले. पण त्या पेटीबरोबर आणखी एक गोष्ट संपली. चित्र आता कंपनीच्या मोठ्या कंट्रोल रूममध्ये कुलूपबंद होऊन निघू लागले. गल्लीतल्या माणसाला मध्ये स्वतःचे काही घालायची सोय राहिली नाही. आमची बिननावाची वाहिनी बंद झाल्याची कुठे बातमी आली नाही. रिमोटवर तो आकडा दाबला की काळा पडदा येऊ लागला, एवढेच.

१ फेब्रुवारी २०१९ पासून नवी दरपद्धत आली. शंभर वाहिन्यांपर्यंत १३० रुपये आणि वर कर, शिवाय सशुल्क वाहिन्यांचे वेगळे पैसे. हवी ती वाहिनी सुटी निवडा, असे सांगितले गेले. तत्त्व चांगले होते. पण मोठ्या घराच्या वाहिन्यांचा गठ्ठा स्वस्त पडायचा आणि सुट्या महाग. महिन्याचे बजेट मोजून-मापून करणारे घर काय निवडणार? त्याने पॅकच घेतले. ज्याच्याकडे गठ्ठा बांधण्याइतक्या वाहिन्या होत्या तो आपोआप घरात शिरला.

तारेचेही तसेच. ऑक्टोबर २०१८ मध्ये रिलायन्सने हॅथवे आणि डेन या दोन मोठ्या केबल कंपन्यांचा बहुमताचा वाटा घेण्याचे जाहीर केले. २०२१ च्या डिसेंबरमध्ये झी आणि सोनी यांच्या विलीनीकरणाचा करार झाला. तो जानेवारी २०२४ मध्ये मोडला. त्याच वर्षी रिलायन्स आणि डिस्ने एकत्र आले. या कंपनीचे मूल्य ७०,३५२ कोटी रुपये धरले गेले आणि तिच्या हाती शंभराहून अधिक वाहिन्या आल्या. स्पर्धा आयोगाची मंजुरी बिनशर्त नव्हती, काही वाहिन्या विकण्याच्या अटी तीत होत्या. उद्या एखादी वाहिनी दुसऱ्याच्या हाती जाईलही, पण तेही मोठ्या घरांमधलेच देणेघेणे असेल. दोन्ही सौदे मूळ आखणीप्रमाणे पार पडले असते तर झी मराठी, सोनी मराठी, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी ही चार दारे फक्त दोन घरांची झाली असती.

हे मोजण्याची एक सोपी रीत अर्थशास्त्रात आहे. बाजारातल्या प्रत्येक मालकाच्या टक्केवारीचा वर्ग करायचा आणि बेरीज घ्यायची. समजा चार मालकांकडे पंचवीस-पंचवीस टक्के आहेत, तर बेरीज २,५००. त्यातले दोघे एक झाले की ती ३,७५० होते, आणि चौघांचे दोघे झाले की ५,०००. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने म्हणजे 'ट्राय'ने ऑगस्ट २०१४ च्या शिफारशींत हीच रीत सुचवली होती. १,८०० च्या वर गेलेला बाजार एकवटलेला धरावा आणि टीव्ही व वर्तमानपत्रे या दोन्हींत एकाच मालकाला वरचढ होऊ देऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते. हिशेब सगळ्या देशाचा न धरता भाषेप्रमाणे धरावा हेही त्यांनी मांडले, कारण मराठी प्रेक्षकाचा बाजार मराठीच. अशा शिफारशी ट्रायने २००९ मध्ये केल्या होत्या, २०१४ मध्ये पुन्हा केल्या, आणि २०२२ मध्ये पुन्हा एकदा विचारणा काढली. कायदा झाला नाही. न्यायमूर्ती सावंत फेब्रुवारी २०२१ मध्ये गेले. त्यांच्या निकालाचा दुसरा अर्धा भाग त्यांना जिवंतपणी अमलात आलेला दिसला नाही.

धूर

मालकी अशी एकवटल्याचा आमच्यावर काय परिणाम झाला? त्याचे उत्तर देवनारच्या डम्पिंग ग्राउंडवर आहे. १९२७ पासून या शहराचा कचरा तिथे येतो. मानखुर्द, गोवंडी, शिवाजीनगरच्या मुलांच्या छातीत तिथला धूर लहानपणापासून जातो. महापालिकेच्या २००९ च्या मानवी विकास अहवालात आमचा एम-पूर्व विभाग चोवीस विभागांत तळाला होता, निर्देशांक ०.०५. टाटा समाजविज्ञान संस्था आमच्या शेजारी, देवनारलाच आहे. तिथल्या अभ्यासकांनी २०११ पासून या विभागाचे प्रश्न वस्तीवस्तीत फिरून मांडले. माहिती नव्हती असे कोणी म्हणू शकत नाही.

पण सगळ्या वाहिन्यांच्या गाड्या आमच्या रस्त्यावर एकाच वेळी रांगेने उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या त्या जानेवारी २०१६ च्या शेवटी. डम्पिंग ग्राउंडला मोठी आग लागली होती. परिसरातल्या पालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या. धूर इतका होता की उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला. त्या दिवशी तो धूर आमच्या डोक्यावरून पुढे शहराच्या इतर भागांत पोहोचला होता, आणि त्या दिवशी तो बातमी झाला. वाहिन्या अनेक होत्या, पण कॅमेरे एकाच जागी, प्रश्न एकच, आणि दोन-चार दिवसांनी सगळ्या एकदमच निघून गेल्या.

वार्ताहरांना मी दोष देत नाही. त्यातले कितीतरी जण मनापासून काम करणारे होते, तोंडाला रुमाल बांधून ढिगाऱ्यावर चढलेले मी पाहिले. दोष रचनेत आहे. जाहिरातीचा पैसा मोजणीवर चालतो. ही मोजणी करणारी संस्था बार्क. आमच्या भागात बार्क म्हटले की अणुसंशोधन केंद्रच डोळ्यांसमोर येते, पण टीव्हीच्या धंद्यातली बार्क वेगळी. निवडक घरांत मीटर बसवून ती सगळ्या देशाची आवड ठरवते. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबईतच या आकड्यांत फेरफार झाल्याचे आरोप झाले आणि बातम्यांच्या वाहिन्यांचे आकडे थांबवावे लागले, ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. मालक थोडे, सगळ्यांचा हिशेब एकाच मीटरवर आणि सगळ्यांना हवा तोच खरेदी करणारा प्रेक्षक, अशी स्थिती असली की वाहिन्या कितीही असोत, त्या एकमेकींच्या पावलांवर पाऊल टाकत चालतात. कचऱ्याच्या डोंगराशेजारी राहणाऱ्या बाईचा रोजचा खोकला त्या हिशेबात बसत नाही.

१९७६ मध्ये आमची वस्ती पडद्यावर नव्हती, कारण पडदा सरकारचा होता. आता ती नाही, कारण ती कोणाच्या ताळेबंदात येत नाही. मधली वीस वर्षे, कितीही वेडीवाकडी असली तरी, आमच्याकडे एक आकडा होता ज्यावर आम्ही आम्हाला दिसत होतो.

आता फोन आहे ना, असे तरुण मुले म्हणतात. खरे आहे. माझ्या गल्लीतली दोन मुले गटाराच्या, पाण्याच्या, शाळेच्या बातम्या फोनवर काढून टाकतात आणि मी त्या आवडीने पाहतो. पण फोनमधली तार तरी कोणाची? घरात येणाऱ्या इंटरनेटचा, हातातल्या सिमचा आणि मालिका पाहायच्या ॲपचा मालक अनेक घरांत आज एकच आहे. छत्री खिशात मावेल इतकी लहान झाली, तरी तिची दांडी कोणाच्या मुठीत हा प्रश्न लहान झालेला नाही.

मागणी फार मोठी नाही. १९९५ च्या निकालाने सांगितलेले स्वतंत्र प्राधिकरण नेमा. एका भाषेत एका मालकाकडे किती पडदा असावा याची मर्यादा आखा. तार ज्याची, वाहिनी त्याची, वर्तमानपत्रही त्याचेच, असे होऊ देऊ नका. आणि प्रत्येक केबलच्या पेटीत एक आकडा त्या त्या विभागासाठी राखून ठेवा, ज्यावर वस्तीला स्वतःचे काही सांगता येईल. शंभरातला एकच आकडा.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतला एक मुलगा दुपारपासून सापडत नव्हता. सगळ्यांच्या घरी टीव्ही चालू होते, शेकडो वाहिन्या होत्या. आम्ही सहा जण नाक्यानाक्यावर त्याचा फोटो हातात धरून फिरलो. तो रात्री साडेदहाला सापडला, स्टेशनच्या पलीकडच्या बाजूला, रडून झोपी गेलेला. त्याला घरी आणताना मला तो निळा पडदा आणि त्यावरची पांढरी अक्षरे आठवत होती.